साथीत सापडलेला काचबिंदू

जुलै 2023, डोळे येण्याची साथ एवढी की निम्मं बडोदं गॉगल लावून फिरत होतं. ओपीडीत दिवसभर तेच, लाल डोळा, चिपडं, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, मेडिकलवाल्याने दिलेले स्टिरॉइडचे ड्रॉप आधी बंद करा. बोलून बोलून तोंडाला फेस आला होता. त्यात दांडिया बाजारातल्या एका मित्राचा फोन, आईचा उजवा डोळा लाल झालाय. मी न बघताच म्हटलं, साथ आहे रे, अँटिबायोटिक ड्रॉप घाल. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काकूंना रिक्षातून घेऊन आला. रात्रभर उलट्या, अर्धं डोकं फुटतंय, ॲसिडिटीचं इंजेक्शनही झालेलं. नातवाला लागण नको म्हणून कालपासून मागच्या अंधाऱ्या खोलीत, वर काळा गॉगल. तो काढला तर चिपडाचा पत्ता नाही. लाली बुबुळाभोवतीच जास्त, बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखं, बाहुली मोठी झालेली, टॉर्च मारला तरी ढिम्म. पापणीवरून दाबून पाहिलं, डावा डोळा पिकल्या टोमॅटोसारखा आणि उजवा म्हणजे सुपारी! डोळ्याच्या आतलं प्रेशर 56, नॉर्मल असतं 10 ते 21.

काचबिंदूचा ॲटॅक, आमचे गुजराती पेशंट ज्याला झामर म्हणतात तो. काकूंचा चष्मा जाड प्लसचा, म्हणजे डोळा लहान, आतलं पाणी निचरायचा कोपरा आधीच अरुंद, त्यात अंधारात बाहुली पसरली की मोरी तुंबलीच समजा. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना अंधारातच बसवलेलं.

दमा, हार्ट, किडनी विचारून घेतलं, मग प्रेशर उतरवायला टिमोलॉलचे ड्रॉप घातले, डायमॉक्सची गोळी दिली, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं मॅनिटॉल शिरेतून चढवलं. काकूंच्या बाथरूमच्या फेऱ्या सुरू, प्रत्येक फेरीला मला एक शिवी. दोन तासांनी प्रेशर 24 वर आलं तेव्हा कुठे मी चहा घेतला.

दोन दिवसांनी बुबुळ स्वच्छ झाल्यावर लेझरने आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, बारीक भोक पाडलं, पाण्याला दुसरी वाट मिळावी म्हणून. मग म्हटलं, काकू, आता डाव्यालाही करायचंय.

"तो तर चांगला आहे, त्याला कशाला भोक?"

म्हटलं, त्याचाही कोपरा तसाच अरुंद आहे, उद्या त्यालाही ॲटॅक येऊ शकतो.

काकू म्हणाल्या, "मग ते फोनवरच पाड की."