आलापल्ली : सागवानाच्या गावात

नागपुरात जुन्या घराची चौकट दाखवताना माणसं आजही अभिमानानं सांगतात, "आलापल्लीचं सागवान आहे!" ते गाव पाहायला ऐन मे महिन्यात निघालो. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत आरमोरीजवळ वैनगंगा ओलांडली, गडचिरोलीत जेवलो. आष्टी सुटलं तेव्हा कुठे खरं जंगल लागलं.

आलापल्ली इंग्रजांच्या काळापासून वनखात्याचं गाव. डेपोत ओंडक्यांच्या थप्प्या लिलावाची वाट पाहत होत्या. एका ओंडक्यापाशी वाकलो. कापलेल्या तोंडावर हातोड्याचा शिक्का, शेजारी रंगानं लिहिलेला नंबर, लांबी, गोलाई. मधला गाभा मधाच्या रंगाचा आणि वर्तुळं इतकी दाट, की मोजताना नजर सरकते. तिथले एक वयस्कर मजूर म्हणाले, "पहिले सारं गाव लाकडावरच चालायचं जी. आता माल येते, पण माणसं कमी लागते." तेव्हा लाकूड ओढायला हत्ती असत. आता कमलापूरच्या कॅम्पात हत्ती पाहायला पर्यटक जातात. मागणी मात्र आटलेली नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये सागवान गेलं, ते याच चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातून.

गावोगावचा पैसा मात्र आता पानांतून येतो. पहाटे जंगलात गेलेल्या बाया दुपारी अंगणात बसून विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांची पुडकी बांधत होत्या. 70 पानांचं एक पुडकं, अशी 1000 पुडकी म्हणजे एक गोणी. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा हा व्यवहार स्वतः करतात. ठेकेदाराशी भाव ठरवणारी ग्रामसभा, हा मला इथला सर्वांत मोठा बदल वाटतो.

दुसरा बदल रस्त्यावर दिसतो. सुरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक याच रस्त्यानं जातात आणि कडेच्या झाडांची पानं लाल होतात. खनिजानं रोजगार आला, हे खरंच. पण शाळेची पोरं त्याच धुळीतून चालतात, ते पाहून जीव कासावीस झाला.

भामरागडच्या वाटेवर 'वैभव' आहे. 1953 पासून राखलेला हा जंगलाचा तुकडा 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाला. जेमतेम सहा हेक्टर, पण इथल्या सागाला दोघांनी हात जोडून कवेत घेतलं तरी पुरत नाही. नागपूरकरांनो, ताडोबा-पेंचच्या फेऱ्या करता, तसं एकदा इकडेही या. डेपो बघा, पण वैभवसाठी अख्खी सकाळ राखून ठेवा.