सतरा पौंडांचा संसार

अमेरिकेच्या युटा राज्यात ४ जुलैच्या आतषबाजीचा धूर विरतो न विरतो तोच लोक २४ जुलैच्या तयारीला लागतात. १८४७ साली या दिवशी मॉर्मन पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग आपल्या लोकांसह सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला, म्हणून राज्यभर ‘पायोनियर डे’ची सुट्टी असते, शहरातून मोठी मिरवणूक निघते आणि तिच्या वाटेवरच्या पदपथांवर लोक आदल्या रात्रीच अंथरुणे पसरून जागा धरतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला यात परके वाटण्यासारखे काहीच नाही. ज्या खोऱ्याला हे लोक रिकामे म्हणत आले, तिथे शोशोनी, यूट आणि गोशूट लोकांचा वावर पिढ्यान्‌पिढ्या होता, ही गोष्ट मात्र मिरवणुकीच्या गोंगाटात सहसा ऐकू येत नाही.

मिरवणुकीपेक्षा इथली दुसरी एक प्रथा मला अधिक विचारात पाडते. मॉर्मन म्हणून जगाला ठाऊक असलेल्या या चर्चमधली चौदा ते अठरा वर्षांची मुले पूर्वजांच्या पायी स्थलांतराच्या आठवणीसाठी दर काही वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून, लाकडी हातगाड्या ओढत दोन-तीन दिवस माळरानातून चालतात. याला सगळे नुसते ‘ट्रेक’ म्हणतात. आठ-दहा मुलांचे एक कुटुंब करतात, त्यावर एक जोडपे ‘मा’ आणि ‘पा’ म्हणून नेमतात, आणि प्रत्येक कुटुंबाला एक गाडी मिळते. आमच्या मुलीला शेजारच्या मैत्रिणीकडून या ट्रेकचे आमंत्रण आले.

आम्ही त्या चर्चचे नाही. घरात देव्हारा आहे, भाद्रपदात दीड दिवसाचा गणपती बसतो आणि मोदकांचा डबा शेजारीही जातो. बोलावण्यामागे धर्मात ओढण्याचा बेत तर नाही ना, ही शंका कोल्हापूरहून सासूबाईंनी फोनवर तत्काळ काढली. मी ती शेजारीणबाईंना होती तशी विचारली, आणि त्यांनीही आडपडदा न ठेवता सांगितले की प्रार्थना होतील, प्रवचने होतील, पण कुणी कुणाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणार नाही. मग आम्ही दोघांनीही स्वयंपाक आणि पाणी पाहणाऱ्या मोठ्यांच्या तुकडीत नाव घातले.

पायांना सवय व्हावी म्हणून जूनच्या सुरुवातीपासून घरातल्या सगळ्यांचे चालणे सुरू झाले. इथला उन्हाळा कोरडा असतो. घाम अंगावर राहतच नाही, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही, आणि सकाळी सहाला निघाले नाही तर दहानंतर डोंगराची वाट तव्यासारखी तापते. एन्साइन पीक हे शहराच्या उशाशी असलेले टेकाड आम्हाला सर्वांत सोयीचे. खोऱ्यात आल्यावर दोनच दिवसांनी, २६ जुलै १८४७ रोजी, ब्रिगहॅम यंग आणि त्याचे सहकारी याच टेकाडावर चढून शहर कुठे वसवायचे ते न्याहाळत उभे होते. मॉर्मन फ्लॅटपासून बिग माउंटनच्या खिंडीपर्यंतची वाट त्याहून पुष्कळ दमवणारी आहे. ती मुळात १८४६ साली कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या डोनर कुटुंबाच्या काफिल्याने झाडी तोडून काढली. त्या श्रमात त्यांचे मोलाचे दिवस गेले, पुढे सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकून मेलेल्यांचे मांस खाण्यापर्यंत त्यांची भीषण गत झाली, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या मॉर्मनांना मात्र तयार वाट मिळाली. खिंडीत पोहोचल्यावर आमच्या मुलीने पाण्याची बाटली रिकामी करत विचारले की डोनरांच्या नावाने कुणी ट्रेक का काढत नाही. उत्तर उघड होते, पण ते उन्हात उभ्या असलेल्या मुलीला सांगण्याजोगे नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी सामानाचा घोळ झाला. प्रत्येक मुलाला झाकणाची एक प्लॅस्टिकची बादली मिळते आणि अंथरूण सोडून बाकीचा संसार त्या बादलीत मावला पाहिजे. वजन सतरा पौंडांच्या आत, म्हणजे जेमतेम पावणेआठ किलो. हा आकडा कुणाच्या लहरीचा नाही. १८५६ साली हातगाडीबरोबर निघालेल्या प्रत्येक प्रौढ माणसाला कपडे, अंथरूण आणि भांडी धरून एवढेच वैयक्तिक सामान नेण्याची मुभा होती. भारतात जाताना बॅगा तोलण्यासाठी आमच्याकडे आकडीचा वजनकाटा आहे. त्याच्या आकडीला मुलीने बादली अडकवली आणि काटा एकोणीसच्या पुढे गेला. मग केसांना लावायची बाटली बाहेर आली, पुन्हा आत गेली, तिच्या जागी रेनकोट बाहेर आला, तो मी परत आत कोंबला, आणि शेवटी मोजे, विजेरी, एक जादा लांब स्कर्ट, उन्हाची कापडी टोपी आणि माझ्या आग्रहाखातर शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी एवढ्यावर मांडवली झाली. फोन न्यायचा नव्हताच. आम्ही तेवीस-तेवीस किलोंच्या दोन-दोन बॅगा घेऊन या देशात आलेली माणसे, आणि त्यातही मेतकुटावरून घरात वाद झालेला होता, याची आठवण नवऱ्याने त्या वेळी करून द्यायला नको होती.

हातगाडीची कल्पना मूळची हिशेबातून निघाली, भक्तीतून नव्हे. इंग्लंड, वेल्स, स्कँडिनेव्हिया इथे नव्याने धर्मात आलेली माणसे बहुतांशी गरीब कामकरी वर्गातली होती, आणि त्यांना युटापर्यंत आणण्यासाठी १८४९ साली चर्चने एक स्थलांतर निधी उभारला होता. बैल आणि मोठ्या गाड्या महाग पडत. त्यात १८५५ साली दुष्काळ आणि टोळांनी युटातले पीक बुडवले आणि निधीला ओहोटी लागली. तेव्हा आयोवा सिटीपर्यंत आगगाडीने यावे आणि पुढचे सुमारे तेराशे मैल स्वतः गाडी ओढत चालावे, असे ठरले. १८५६ ते १८६० या काळात अशा दहा तुकड्या निघाल्या आणि जवळपास तीन हजार माणसे त्यांतून चालली. त्यांतल्या आठ तुकड्या हालअपेष्टा सोसून का होईना, बऱ्यापैकी सुखरूप पोहोचल्या. ट्रेकमध्ये मात्र त्या आठांचे नावही फारसे निघत नाही. तिथे निघतात ती विली आणि मार्टिन या दोन तुकड्यांची नावे, ज्या उशिरा निघाल्या आणि ऑक्टोबरच्या बर्फात सापडल्या. दोन्हींत मिळून हजाराच्या आसपास माणसे होती. त्यांतली दोनशेहून अधिक वाटेत गेली.

म्हणून आमचा ट्रेकही वायोमिंगमधल्या मार्टिन्स कोव्हकडे होता. सॉल्ट लेकहून मोटारीने पाचेक तासांची वाट; रॉलिन्स सोडले की दोन्ही बाजूंना सेजब्रशची करडी झुडपे आणि वारा यांखेरीज दुसरे काही नसते. स्वीटवॉटर नावाची नदी या माळावरून नागमोडी वाहते आणि डेव्हिल्स गेट नावाच्या चिंचोळ्या घळीतून ग्रॅनाइटचा डोंगर चिरत पलीकडे जाते. जवळच डोंगराच्या कुशीत वाळूच्या टेकाडाआड एक खोलगट जागा आहे, तिथे नोव्हेंबर १८५६ मध्ये मार्टिन तुकडीने वाऱ्यापासून आसरा घेतला होता.

गाडी जवळून पाहिल्यावर तिच्याविषयीचा माझा भाबडा समज गेला. माणसाच्या कमरेहून उंच अशी दोन चाके, मध्ये उथळ पेटी, आणि पुढे दोन दांड्यांना जोडणारा आडवा दांडा. त्या चौकटीत दोघे शिरतात आणि दांडा पोटाशी घेऊन रेटतात, बाकीचे मागून लोटतात. सपाटीवर हे सोपे वाटते. वाळू लागली की चाक रुतते, आणि मग ओढणारा व ढकलणारा यांचा जोर एकाच क्षणी लागला नाही तर गाडी जागची हलत नाही. तासाभरात मुलांना हे कुणी न सांगता कळले. ‘एक, दोन, तीन’ म्हणण्याचे काम कुटुंबातल्या सर्वांत अबोल मुलाकडे आपसूक गेले. १८५६ सालच्या गाड्या याहून वाईट होत्या. लोक पोहोचले तेव्हा गाड्या तयारच नव्हत्या, त्या घाईने ओल्या लाकडाच्या केल्या गेल्या, माळावरच्या कोरड्या हवेत लाकूड आटले, वाळूने आस झिजले, आणि लोकांनी खाण्यातली चरबी व अंगाचा साबण आसांना वंगण म्हणून लावला. आमच्या गाड्यांचे आस भक्कम होते, मागून औषधोपचाराची मोटार येत होती आणि निळी फिरती शौचालये ट्रेलरवरून आमच्या आधी मुक्कामाला पोहोचत होती. मला त्यात काही वावगे वाटले नाही. डासांनी आणि उन्हाने आपली कामगिरी चोख बजावली होती.

दुसऱ्या दिवशी एका चढावर मुलग्यांना बाजूला काढले आणि गाड्या मुलींनी एकट्यांनी वर न्यायच्या असे सांगितले. हा प्रसंग ट्रेकचा कळस मानतात. मुलगे टोप्या काढून वाटेच्या दोन्ही बाजूंना गप्प उभे राहतात, त्यांनी मदत करायची नाही, बोलायचेही नाही. मॉर्मन बटालियनमध्ये पुरुष लष्करात गेले तेव्हा बायकांनी गाड्या ओढल्या, असे त्याचे कारण सांगितले गेले. बटालियन गेली १८४६ मध्ये आणि पहिली हातगाडी निघाली दहा वर्षांनंतर, हे गणित जुळत नाही. खरे कारण अधिक साधे आणि अधिक कठोर होते: विली आणि मार्टिन तुकड्यांत नवरे वाटेत मेले आणि गाड्या विधवांच्या हाती आल्या. माझी मुलगी स्कर्टचा घोळ एका हाताने सावरत, दुसऱ्या हाताने गाडीचा मागचा कठडा लोटत वर जात होती, आणि तिचा चेहरा रागावलेला होता. रात्री तिने कारण सांगितले. चढाचे तिला काही वाटले नव्हते, पण मुलगे नुसते उभे राहून डोळे पुसत होते याचा तिला संताप आला होता.

आपल्याकडेही हे आहे. दर जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे मोहिमा निघतात. मसाई पठारावरच्या पावसात, गुडघाभर चिखलात शेकडो माणसे १६६० सालच्या त्या रात्रीची वाट चालतात, आणि लग्नाआधी नवराही त्यांतल्या एका मोहिमेत जाऊन आला होता. तिथे पाऊस तरी खराच आषाढातला असतो. इथे बर्फात गोठलेल्यांची आठवण जूनच्या उन्हात काढावी लागते, कारण ऑक्टोबरात कोणतेही शहाणे आईबाप मुलांना या माळावर पाठवणार नाहीत. दोन्हीकडे चालणाऱ्यांची निष्ठा आठवली जाते आणि ती आठवण पायांतून वर चढते, भाषणांतून नव्हे, यात शंका नाही. फरक मला जाणवला तो असा की पन्हाळ्याचा वेढा शत्रूने घातला होता, आणि इथले संकट आपल्याच माणसांच्या निर्णयातून आले होते.

तो निर्णय ऑगस्ट १८५६ मध्ये, मिसुरी नदीकाठच्या फ्लॉरेन्स गावी झाला. ऋतू टळून गेला आहे, म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन आता पुढे जाऊ नये, हिवाळा इथेच काढावा, असे लीवाय सॅव्हेज नावाच्या एकाने सभेत उभे राहून कळवळून सांगितले. सॉल्ट लेकचे खोरे त्याने आधी पाहिलेले होते. बहुमताने पुढे जाण्याचे ठरले, त्याची निर्भर्त्सनाही झाली, आणि तरीही तो म्हणाला की तुम्ही जाणार असाल तर मीही येतो, पडेल ते काम करीन. तो आला आणि त्याने केलेही. गाड्यांवर प्रत्येकी सुमारे शंभर पौंडांचे पिठाचे पोते चढवून विली तुकडी निघाली. ४ ऑक्टोबरला सॉल्ट लेकमध्ये बातमी पोहोचली की अजून माणसे वाटेवर आहेत. दुसऱ्याच दिवशी ब्रिगहॅम यंगने भर सभेत प्रवचन बाजूला ठेवून खेचरे, गाड्या आणि पीठ मागितले, आणि ७ तारखेला मदतीचे पहिले जथे निघाले. या धावून जाण्याची गोष्ट ट्रेकमध्ये तपशिलाने सांगतात, आणि ती सांगावी अशीच आहे. सॅव्हेजची गोष्टही सांगतात, पण त्याच्या शेवटच्या वाक्यासाठी. आधीच्या वाक्यांसाठी नव्हे.

शेकोटीपाशी मी आमच्या कुटुंबाच्या ‘पा’ना म्हटले की गाडी ओढण्याचे सोंग आणता तसे पहिल्या रात्री त्या सभेचेही आणा, मुलांना सगळी माहिती द्या आणि निघायचे की थांबायचे यावर हात वर करायला सांगा. ते पेशाने हिशेबनीस, शांत गृहस्थ. त्यांनी विचार करून सांगितले की थांबणेही सोपे नव्हते, कारण दहा वर्षांपूर्वी त्याच ठिकाणच्या तळावर एका हिवाळ्यात शेकडो माणसे दगावली होती. मग त्यांनी तिथल्या तिथे मुलांना विचारले. बहुतेकांनी निघण्यासाठी हात वर केले. माझ्या मुलीनेही केला, आणि का म्हणून विचारल्यावर म्हणाली की सगळे निघाले असते तर मी एकटी मागे राहून काय केले असते. तिच्या मैत्रिणीचा हात मात्र खाली होता. पिढ्यान्‌पिढ्या याच चर्चमध्ये वाढलेली ती मुलगी पोटऱ्या खाजवत म्हणाली की मी फ्लॉरेन्सलाच राहिले असते, तिथे निदान हे डास तरी नसते. आणि मिसुरीच्या काठी उन्हाळ्यात किती डास असतात याचे सविस्तर वर्णन ‘पा’नी झोपायची शिट्टी होईपर्यंत केले.