पंप तोच, टाकी बदलली: भुसावळच्या एअरेशन ड्रमची नोंद

सांडपाणी शुद्ध करताना त्यात पंपाने हवा सोडावी लागते, यालाच एअरेशन म्हणतात. ही हवा कमी पडतेय म्हटलं की पहिला सल्ला मोठ्या पंपाचा मिळतो. या टप्प्यात 40 लिटर/मिनिटाचा पंप तसाच ठेवला. पसरट टाकी काढून तिच्या जागी 200 लिटरचा निळा ड्रम उभा केला.

हिशोब सरळ आहे. बारीक बुडबुड्यांचा डिफ्युझर (तळाशी हवा सोडणारी सच्छिद्र चकती किंवा स्टोन) स्वच्छ पाण्यात दर मीटर खोलीमागे हवेतल्या ऑक्सिजनपैकी साधारण 6 टक्के विरघळवतो. 40 लिटर/मिनिट म्हणजे तासाला 2.4 घनमीटर हवा, तीत ऑक्सिजन सुमारे 670 ग्रॅम. डिफ्युझरवर 35 सेंमी पाणी असेल तर पाण्यात उतरतो 14 ग्रॅम, 70 सेंमी असेल तर 28. साबणाच्या पाण्यात दोन्ही आकडे अर्ध्याच्या आसपास येतात. आणि खोक्यावरचा 40 हा आकडा मोकळ्या नळीचा असेल तर खोलीवर तो आणखी घसरणार. पंपाचा दाब-प्रवाह आलेख (किती दाबावर किती हवा देतो) बघूनच खोली ठरवा. फेसासाठी वर 8-10 सेंमी मोकळे सोडाच, नाहीतर अंगणभर फेस.

खोलीइतकीच महत्त्वाची तळावरची मांडणी. मधोमध एकच डिफ्युझर डिस्क ठेवली की मधलं पाणी उसळून वर येतं आणि कडेने खाली जातं. त्या उसळीवर बुडबुडे झपाट्याने वर निघतात, पाण्यात कमी वेळ राहतात. तळभर पसरलेले चार गोल एअर स्टोन त्यापेक्षा बरे. पण लेव्हल काटेकोर हवी: एक स्टोन दोन-तीन सेंमी उंच राहिला तरी बरीचशी हवा तिथूनच पळते, बाकीचे गपगार. प्रत्येक फाट्याला वेगळा व्हॉल्व्ह लावा.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच. 20 अंशाला पाणी लिटरमागे 9 मिग्रॅ ऑक्सिजन धरतं, 35 अंशाला जेमतेम 7. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) 2 वर ठेवला तर ओढ, म्हणजे 7 पर्यंतची उरलेली जागा, 5 ची राहते. 6 वर ठेवायचा हट्ट केला तर 1 ची, म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनला पाचपट हवा. 2 पुरे. ड्रमवर सावली करा.

बोअरच्या जड पाण्याचा त्रास आहेच. हवेने कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि चुना स्टोनच्या छिद्रांतच बसतो. पंपाचा आवाज जड झाला, बुडबुडे मोठे दिसू लागले की स्टोन काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवा. लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं, म्हणून पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर, शिवाय पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. ईपीडीएम या रबराची डिस्क हवा थांबली की आपली आपण मिटते. स्टोन मिटत नाही, गाळ ओढून घेतो.

पाण्यात ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते मोजायला साधं पाणी भरा, सोडियम सल्फाइटने त्यातला ऑक्सिजन संपवा आणि हवा चालू करून डीओ कसा चढतो ते नोंदवा. 1 मिग्रॅ ऑक्सिजनला सुमारे 8 मिग्रॅ सोडियम सल्फाइट लागतं. लिटरमागे 7 मिग्रॅ धरून 200 लिटरला 11 ग्रॅम, दीडपट धरून 17. आधी बादलीत विरघळवा, कोरडे खडे तळाशी बसून आलेख वाकडा करतात. प्रयोगशाळेत उत्प्रेरक म्हणून कोबाल्ट क्लोराइड घालतात. ते विषारी, घरी नको. त्यामुळे शून्याजवळ रेंगाळणारा सुरुवातीचा भाग सोडून पुढचीच चढण मोजा. हे पाणी माशांना घालू नका.

पुढचा बदल नळीचा: उन्हात पीव्हीसी मऊ पडतो, त्यात पंपाची हवाही तापलेली असते. पंपाजवळचा पहिला मीटर जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) करायचा आहे.