मीटर म्हणतो बारा व्होल्ट

मासळीची व्हॅन गॅरेजात शिरली की आधी वास येतो, मग गाडी. त्या दिवशी वास, गाडी आणि वाफ तिन्ही एकदम आलं.

आमचं गॅरेज गोव्यात, फोंड्याला. ही व्हॅन पहाटे मालीम जेटीवर मासळी भरते. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, बाणस्तारीपर्यंत तापमानाचा काटा मध्यावर. भोमला ट्रॅफिकात अडकलो की चढलाच वर." निम्मं काम त्यानंच केलं. गाडी पळताना रेडिएटरला वारा लागतो. उभ्या गाडीला पंख्याशिवाय वारा कुठला?

पण पंख्याची मोटर महिन्यापूर्वीच बदललेली. त्याआधी कुणी थर्मोस्टॅटही, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप, काढून फेकलेला. हा आपल्याकडचा लाडका इलाज, आणि माझ्या मते निव्वळ आळस.

इंजिन तापलेलंच होतं. चावी चालू ठेवली, पंख्याला करंट सोडणारा रिले टक् करून लागला, पंखा ढिम्म. फ्यूज ठीक. पंख्याच्या वायरींचा जोड, म्हणजे कपलर, सोडवून मल्टीमीटर लावला, 12.3 व्होल्ट. म्हणजे नवी मोटरही गेली! खात्रीसाठी बॅटरीवरून थेट वायरी दिल्या, तर मोटर घोंघावत सुटली. माझं डोकंच चालेना. मागून ड्रायव्हर, "दादा, बर्फ वितळतोय."

शेवटी जुना टेस्ट लॅम्प काढला. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब आणि दोन वायरी, बस. कपलरला लावला तर समईच्या वातीएवढा लाल. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून सडक्या जोडातूनही त्याला पुरते बारा व्होल्ट दिसतात. बल्ब ओढायला लागला की जोडाचं पितळ उघडं पडतं. कपलर परत जोडून पंख्याच्या अर्थपासून (करंट परत नेणाऱ्या वायरीपासून) बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं: साडेदहा व्होल्ट. तिथं जवळजवळ शून्य हवं, अर्धा व्होल्टसुद्धा चालत नाही.

अर्थची वायर चाचपत गेलो. कुणीतरी ती जोड देऊन पार सीटच्या मागं नेलेली, चासीला बोल्टनं कसलेली. का, देव जाणे. क्रेटमधलं खारं पाणी नेमकं तिथंच ठिबकत होतं. वायरीच्या टोकाची थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी कडी, हिरवीगार, चिमटीत धरली तर भुगाच झाला.

नवी थिंबल पुढच्या बाजूला घासलेल्या पत्र्यावर कसली, वर ग्रीस. वीस मिनिटांत पंखा सुरू.

"मग ती मोटर उगाच बदलली?" ड्रायव्हरनं विचारलं.

"जुनी आहे का?"

"फेकली."

मी हात धुवायला गेलो.