मोझेक ग्लास वाडगा नं. ३: पहिलं फ्यूज निघालं

मंडळी, जुन्या रोमन मोझेक काचेच्या वाडग्यांसारखे वाडगे मी घरी करतेय, त्यातल्या तिसऱ्याचा रिपोर्ट. केन (रंगीत काचेच्या लांब कांड्या, आडव्या कापल्या की आतली नक्षी दिसते) ओढून झाल्या, काप पाडून झाले आणि परवा रात्री पहिलं फ्यूजिंग, म्हणजे काप तापवून एकमेकांना जोडून सपाट डिस्क करणं, ते पण झालं, सकाळी किल्न (भट्टी) उघडलं तर एकही तडा नाही!! गॅरेजमधेच उड्या मारल्या.

पॅटर्न तोच, जांभळ्यावर पांढरी चक्री आणि मधोमध पिवळा ठिपका. दुसऱ्याचं काय झालं ते मागे लिहिलंच होतं, काप ३ मिमीचे घेतले होते त्यामुळे घासायला जागाच उरली नाही, २२० ग्रिटने जरा जोर लावला की काच पार पातळ, आणि न घासता ठेवावं तर कापांच्या मधले खळगे तसेच दिसत राहतात.

याचं उत्तर मला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधे मिळालं. यावेळी ठरवूनच गेले होते की अख्खे वाडगे नंतर, आधी रोमन मोझेक काचेचे फुटके तुकडे बघायचे. त्यातले बरेच एडवर्ड मूरने जमवलेले, हा टिफनी कंपनीचा चांदीकामाचा मुख्य डिझायनर होता, १८९१ मधे त्याचं कलेक्शन म्युझियमला आलं. आपल्या कारागिरांना बघून शिकता यावं म्हणून तो असल्या वस्तू गोळा करायचा आणि आज आपण पण त्यातूनच शिकतोय, मला हे फार भारी वाटतं.

तर तुटलेली कड बघा. केनचा रंग वरच्या पृष्ठभागापासून खालपर्यंत आरपार गेलेला दिसतो, वर नुसता थर दिलाय असं नाही, म्हणजे कितीही घासलं तरी नक्षी तशीच राहणार. रोमन कारागीर वाडगा मोल्डवर बसवून झाल्यावर आतून-बाहेरून घासून पॉलिश करायचे, मग सुरुवातीला जाड काप घ्यायला काय हरकत आहे! यावेळी मी ६ मिमीचे घेतले. वाडग्याच्या भिंतीकडे चक्र्या उभ्या ताणल्या जातात ते मात्र त्यांच्याकडे पण आहे, अख्ख्या वाडग्यात बुडाजवळ गोल आणि वर लांबट, मला आधी ती माझीच चूक वाटायची.

एक गोष्ट खटकते ती म्युझियममधल्या लायटिंगची. फक्त समोरून उजेड पडला की मँगनीजचा जांभळा आणि कोबाल्टचा निळा दोन्ही जवळजवळ काळे दिसतात, लोक दोन सेकंद बघून पुढे जातात. घरी माझ्या डिस्कच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरला तर तोच काळा रंग पिकलेल्या जांभळासारखा उजळला आणि पांढरी चक्री, जी अपारदर्शक आहे, ती उलट काळी रेघ झाली. दोन हजार वर्षांपूर्वी खिडकीशी कोणी असा वाडगा उचलून धरला असेल तर त्याला हेच दिसलं असणार ना. निदान एकेका तुकड्याला तरी मागून दिवा द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता काठ राहिलाय. रोमन वाडग्यांच्या काठाला बिनरंगी काचेत पांढरा धागा पिळलेली केन असते, दोरीसारखी. गॅस टॉर्चच्या ज्योतीवर तीन वेळा पिळून पाहिली, धागा एका बाजूला सरकतोय, बहुतेक मी एक टोक जास्त तापवतेय. ती जमली की काठाला लावून ६६० डिग्रीला स्लम्प करणार, म्हणजे डिस्क मोल्डवर तापवून वाडग्याच्या आकारात वाकवणार. तुमच्यापैकी कोणी लांब केन एकसारखी पिळलीय का, हातानेच की ड्रिल लावून?