बोक्याच्या मिशा

ऑइल पेंटिंगचा फिल्टर लावला की मांजराच्या सगळ्यात आधी मिशा जातात. वहिनीने हुकूम सोडला, बोक्याच्या फोटोचं तैलचित्र करून दे, आणि आमच्या बोक्याच्याही गेल्या. फोटो झकास होता: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराची खिडकी, सकाळचं ऊन आणि साहेब ऐसपैस पसरलेले.

गिम्प हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात 'आर्टिस्टिक'खाली 'ऑइलिफाय' नावाचा फिल्टर आहे. तो प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूला नजर टाकतो, तिथे कोणत्या छटेचे ठिपके सर्वांत जास्त आहेत ते मोजतो आणि मधल्या ठिपक्याला तीच छटा फासतो. म्हणजे चक्क निवडणूक! बहुमत पाठीचं, पोटाचं, भिंतीचं. मिशी ही बिचारी केसाएवढी पांढरी रेघ, तिचं डिपॉझिट जप्त. मतदारसंघ जितका मोठा धराल तितके फटकारे जाड दिसतात आणि बारीकसारीक उमेदवार तितके साफ होतात. डोळ्यातला उजेडाचा ठिपकाही यातच जातो. तो गेला की बोका आंधळा दिसायला लागतो.

चित्रकार नेमकं उलटं करतो. पाठ दोन फटकाऱ्यांत उरकतो आणि त्या ठिपक्यासाठी सगळ्यात बारीक ब्रश शोधतो. बडोदेकराला हे बघायला लांब जायला नको. राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंगराव म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. तिथे दागिन्यांवरची चमक जवळ जाऊन बघावी.

शेजारच्या बेन म्हणाल्या, हे तर खोटं पेंटिंग. असेल. पण खोट्या तैलचित्राला बडोद्याने तरी नाक मुरडू नये. चित्रांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील प्रती, काढा, असं रविवर्म्याला सुचवणारे सर टी. माधवराव आपल्याच संस्थानाचे माजी दिवाण. १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि तैलचित्राचा आव आणणाऱ्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. आमच्या आजीच्या देवघरातही होती एक. छापील आहे म्हणून आजीने उदबत्तीत कधी काटकसर केली नाही.

तर मिशा. मूळ फोटोचा थर खाली ठेवला, त्यावर फिल्टर लावलेली प्रत. प्रतीला मास्क देऊन डोळ्यांवर आणि नाकावर काळा ब्रश फिरवला, की तिथून खालचा खरा फोटो डोकावतो. मिशांसाठी मात्र नवा थर घेतला आणि हाताने ओढल्या, टोकाकडे निमुळत्या करत. खऱ्यापेक्षा दोन-तीन जास्तच झाल्या असतील. चित्राचा हुकूम सोडणाऱ्या वहिनीने काही मोजल्या नाहीत.

आईने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "छान आहे रे. फक्त मान जरा वर कर त्याची, रुबाब येईल."

आता हे कुठल्या मेनूत शोधायचं?