रॉजर कॉनरचे १३८

रविवार, रात्री

सकाळच्या मॅचचं स्कोअरबुक जुळवत बसलो होतो. फलंदाजांच्या धावांची बेरीज आणि टोटल यात चारचा फरक येत होता. मॅच केव्हाच संपलेली, निकालही तोच राहणार होता. तरी ते चार कुणाचे हे कळेपर्यंत उठवेना. तासाभराने सापडले. सातव्या नंबरवर आलेल्या पोराचा एक चौकार त्याच्या नावापुढे चढवायचाच राहिला होता.

अशा वेळी मला जुना अमेरिकन बेसबॉलपटू रॉजर कॉनर आठवतो. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीचा, आयरिश आईबापांचा पोर, जन्म १८५७चा. सहा फूट तीन इंच उंची, डावखुरा. न्यूयॉर्कच्या संघाला जायंट्स हे नाव त्याच्यासारख्या धिप्पाड गड्यांवरूनच पडलं म्हणतात. १८८० ते १८९७, अठरा मोसम खेळला. त्या काळचा चेंडू मऊ, मार खाऊन खाऊन आणखीच मऊ व्हायचा. त्या चेंडूवर १३८ होम रन आणि २३३ ट्रिपल! होम रन म्हणजे एका फटक्यात चारही बेस फिरून धाव पूर्ण करणं. ट्रिपल म्हणजे एका फटक्यात तीन बेस पळणं. एवढा दांडगा माणूस असा पळत असेल, हे वाचताना मला फार आवडतं.

१८८१च्या सप्टेंबरात ट्रॉय या संघाकडून खेळताना शेवटची इनिंग, दोघे बाद, तिन्ही बेस भरलेले, संघ तीन धावांनी मागे. कॉनरने होम रन मारला आणि ८-७ने सामना काढला. मेजर लीग म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेतला तो पहिला ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला, एकदम चार धावा देणारा होम रन. १८८६त न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याने रॅडबोर्न या गोलंदाजाचा चेंडू भिंतीपलीकडे थेट ११२व्या रस्त्यावर घालवला. प्रेक्षकांतल्या शेअर बाजारवाल्यांनी तिथल्या तिथे वर्गणी काढून त्याला सोन्याचं घड्याळ दिलं.

कारकिर्दीतल्या सर्वाधिक होम रनचा विक्रम कॉनरचाच होता. आणि १९२१च्या जुलैत बेब रूथ या नव्या फलंदाजाने आपला १३९वा मारला, तेव्हा कुठेच काही झालं नाही. कॉनर ६४ वर्षांचा होता, हयात होता. पण त्याचे १३८ कुणी नीट एकत्र मांडलेलेच नव्हते, त्यामुळे विक्रम मोडला हेही कुणाला कळलं नाही. हे मला दरवेळी लागतं. वॉटरबरीतल्या त्याच्या घराच्या छपरावर म्हणे दोन बॅट जोडून केलेला वातकुक्कुट होता, वाऱ्याबरोबर फिरणारा. एखाद्या पत्रकाराने त्या दारावर थाप मारायला हवी होती.

१९३१त तो गेला. पुढे हँक आरन हा फलंदाज रूथच्या ७१४ होम रनच्या जवळ आला, तेव्हा रूथच्या आधी हा विक्रम कुणाचा होता, याची शोधाशोध झाली. १९७६ला कॉनरला हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं. कबरीवर मात्र नावाचा दगडही नव्हता. तो चाहत्यांनी पैसे जमवून बसवला, २००१ साली. सत्तर वर्षांनी.

त्या पोराला आत्ताच मेसेज केला. त्याचे पाच नाहीत, नऊ आहेत.